इंजिनाला धीर देणारा दगड

रविवारची प्रार्थना सुटली की नेओखोरी या ग्रीक गावातली निम्मी माणसं चर्चमधून घरी न जाता गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनिंग गिरणीकडे वळायची. बायका डोक्याचे रुमाल न सोडताच यायच्या. कॉफीखान्यातले म्हातारे आपापल्या खुर्च्या उचलून आणायचे. कापसाच्या शेतांमधला रस्ता गिरणीपासून सरळ निघतो आणि पुढं संत एलियासच्या टेकडीवर चढतो. त्या चढणीच्या पायथ्याशी उस्ताद प्रोद्रोमोसची पांढरी गाडी बॉनेट उघडं टाकून उभी असायची.

प्रोद्रोमोस तरुणपणी जहाजांवर इंजिनखोलीत होता असं तो स्वतःच सांगे. दाढी पोटापर्यंत, अंगात काळा लांब डगला, आणि बोटांना तेलाच्या डागांऐवजी धुपाचा वास. तो बोलायला लागला की शेतातले ट्रॅक्टरवालेही इंजिन बंद करून ऐकायचे.

"इंजिन म्हणजे काय? छाती," तो म्हणायचा. "त्यात मी टर्बो बसवतो, म्हणजे वारा कोंबतो. दुप्पट वारा. आता तुमच्या छातीत कुणी दुप्पट वारा कोंबला तर तुम्ही घाबराल का नाही? तसं तेही घाबरतं, खोकतं. शहरातले शहाणे मग त्याला कॉम्प्युटर लावतात, पेट्रोलच्या पिचकाऱ्या बदलतात, आठवडे आठवडे मोजत बसतात. अरे, तुझ्या आईनं तुला छातीशी धरलं तेव्हा काय मोजलं होतं? तिनं धीर दिला. माझा दगड धीर देतो."

एवढं झाल्यावर तो गाडी सुरू करायचा. गाडी चढणीला लागायची आणि खरोखरच खोकायची. ठो-ठो करत, काळा धूर सोडत अर्ध्या टेकडीवर अडायची. मग तो ती उताराला सोडून मागं आणायचा. डगल्यातून काडेपेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी काढायचा. एका झऱ्यात सापडलेला दगड डांबरात बसवून तिच्यात बंद केलेला आहे, असं तो सांगे. डबीच्या दोन वायरी इंजिनाजवळच्या प्लगात खोचून तो तीनदा क्रुसाची खूण करायचा, आणि लोकांना म्हणायचा, ज्याला शंका असेल त्यानं स्वतः चालवून बघावं. कुणीतरी बसायचाच. आणि तीच गाडी मग शिट्टी फुंकत टेकडी अशी चढायची, की वरच्या चर्चची घंटा वाजवायला कुणी माणूस धाडलाय असं वाटावं.

पहिल्या रांगेतल्या खुर्चीत झिसिस बसायचा. दंडाला काळी पट्टी, गालांवर वाढलेली पांढरी दाढी. गाडी वर गेली की सगळे टाळ्या वाजवायचे. झिसिस फक्त ओठ हलवत काहीतरी पुटपुटायचा. वसंतात त्याचा मुलगा वाइओस गेला होता, आणि तो गेला ते याच उस्तादानं बसवलेल्या टर्बोच्या गाडीत.

झिसिसची मुलगी आसिमीना जिल्ह्याच्या गावी वाहन तपासणी केंद्रात इंजिनिअर होती. दिवसभर गाड्यांच्या धुराड्यात नळी घालून धूर मोजायचा, ब्रेक तपासायचे, आणि नापास झालेल्या गाड्यांच्या मालकांच्या शिव्या खायच्या, हे तिचं काम. धाकट्या भावानं गाडीला टर्बो बसवल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर ताई गाडी रस्त्यावर आणू देणार नाही, एवढं वाइओसला पक्कं ठाऊक होतं. तिला ते कळलं ते पोलिसांकडून. पिंडोस डोंगराच्या घाटात, लांबलचक चढणीवर एका ट्रकला मागं टाकताना वाइओसच्या गाडीचं इंजिन एकाएकी जाम झालं. पुढची चाकं जागच्या जागी आवळली गेली, गाडी घसरली आणि कठडा तोडून दरीत गेली. त्याच्या मागच्या गाडीतल्या लोकांनी हे पाहिलं होतं.

दफन झालं त्या संध्याकाळी प्रोद्रोमोस घरी आला. झिसिसचा हात कपाळाला लावून रडला. आसिमीना आत कॉफी करत होती, तिला दारातून सगळं ऐकू येत होतं. आधी तो म्हणाला, देवाची इच्छा. मग जरा वेळानं आवाज खाली आणून त्यानं विचारलं की वाइओसनं डबी उघडून तर पाहिली नव्हती? झिसिसला माहीत नव्हतं. मग उस्तादानं सुस्कारा टाकून विचारलं, घरात कुणी दगडाला हसलं होतं का.

 त्या रात्रीपासून झिसिसचं जेवण सुटलं.

खरं होतं ते. तो हसला होता. वाइओसनं डबी घरी आणून टेबलावर ठेवली, तेव्हा झिसिस त्सिपुरो दारूचा पेला हातात धरून पोट धरधरून हसला होता. दगडानं गाडी चालते तर उद्या मेंढ्यांना पण एकेक खडा बांधू, म्हणजे दूध दुप्पट देतील, असं म्हणाला होता. वाइओसही हसला होता. मग त्यानं डबी उचलली आणि गाडीत नेऊन बसवली होती. आता झिसिसला वाटायचं की आपल्या त्या हसण्यानंच दगड रुसला. म्हणून तो दर रविवारी पहिल्या रांगेत जाऊन बसायचा, पुढचा दगड तरी रुसू नये म्हणून. जन्मभर कशावर फारसा विश्वास न ठेवलेला माणूस पोराच्या मरणानं भाविक झाला होता, आणि त्याचा हा भाविकपणा बघून गावातली इतर पोरं उस्तादाकडे रांग लावत होती. ज्याचा मुलगा गेला तोच मानतो म्हटल्यावर आपण कोण शंका घेणारे, असं त्यांचं म्हणणं.

आसिमीनानं बापाशी वाद घालून पाहिला. तिनं कागदावर इंजिन काढलं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात हवा दाबून भरतो. हवा वाढली की त्या मापात पेट्रोल वाढायला हवं, नाहीतर आग कोरडी आणि प्रचंड तप्त होते. मूळ गाडीच्या कॉम्प्युटरला या जादा हवेचा पत्ताच नसतो आणि मूळ पिचकाऱ्याही तेवढं पेट्रोल टाकू शकत नाहीत. झिसिसनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू शिकलेली आहेस, पोरी. पण तू तिथं नव्हतीस. मी हसलो होतो."

 तिनं वाइओसच्या गाडीचा सांगाडा भंगारवाल्याच्या आवारातून सोडवून आणला आणि सुट्टीच्या दिवशी इंजिन उघडलं. ती एकटीच होती. वरचं झाकण काढल्यावर चारांतल्या एका पिस्टनच्या माथ्याला भोक पडलेलं दिसलं. भोकाच्या कडा मेणासारख्या ओघळलेल्या होत्या, आणि ते वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम भिंतीला चिकटून पिस्टन तिथंच अडकला होता. असले पिस्टन तिनं पुस्तकात पाहिले होते. तिनं त्या कडेवरून बोट फिरवलं. मग अंगणात जाऊन बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली.

डबी शाबूत होती. तिच्यावरचं लाखेचं सीलही जसंच्या तसं होतं. वाइओसनं ती कधी उघडलीच नव्हती. आसिमीनानं केस वाळवायच्या यंत्रानं डांबर मऊ केलं आणि चमच्यानं उकरलं. आत ओढ्याकाठी कुठंही सापडेल असा एक गोटा निघाला आणि त्याच्या खाली बोटाच्या पेराएवढा, विजेचा प्रवाह अडवणारा रेझिस्टर, रेडिओच्या दुकानात मूठभर मिळतात तसला. वायर कुठं जात होती ते तिनं सांगाड्यात शोधलं. ती इंजिनाचा ताप सांगणाऱ्या सेन्सरच्या वायरीला जोडलेली होती.

सगळं कोडं तिथंच सुटलं. हा तुकडा मध्ये घातला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गारठलंय, कडाक्याचा हिवाळा आहे. गारठलेल्या इंजिनाला तो जास्त पेट्रोल देतो. म्हणून गावातल्या सपाट रस्त्यावर, थोडा वेळ दामटली तर, गाडी जोरदार वाटते. पण लांब चढणीवर टर्बो पूर्ण जोरानं हवा भरायला लागला की पिचकाऱ्या आधीच पूर्ण उघडलेल्या असतात, त्यांच्यातून आणखी काही निघत नाही. वर कॉम्प्युटर थंडी समजून ठिणगीही लवकर पाडतो. मग आत जे व्हायचं ते होतं. इंजिन भट्टीत जळत असतं आणि कॉम्प्युटरला मात्र बर्फ पडलेला दिसत असतो.

हे ती जाऊन पोलिसांना सांगू शकली असती. पुढं तिनं सांगितलंही. पण स्टाथिस थांबणार नव्हता. वाइओसचा हा जिवलग मित्र, त्याच्याही गाडीत तसलीच डबी होती आणि पुढच्या आठवड्यात तो बायकोला घेऊन त्याच घाटानं सासरी निघाला होता. बायकोला सातवा महिना होता. आसिमीनानं त्याला रेझिस्टर दाखवला. त्यानं तो हातात फिरवून परत दिला. "ताई, हे मला कळत नाही," तो म्हणाला. "मी डोळ्यांनी ती पांढरी गाडी चढताना पाहिलीय. मी स्वतः चालवलीय."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की प्रश्न त्या पांढऱ्या गाडीचा आहे. ती खरंच चढत होती. म्हणजे तिला कुणीतरी पेट्रोल नीट मोजून देत होतं.

त्या रविवारी ती बापाबरोबर गिरणीपाशी गेली. केस बांधताना तिनं एका पिनेवरचा काळा रंग चाकूनं खरवडून काढला होता. गर्दी नेहमीपेक्षा जास्तच होती. उस्तादानं नेहमीचं बोलणं केलं, गाडी खोकवून दाखवली, डबी काढली. तेवढ्यात आसिमीना पुढं झाली आणि शांतपणे म्हणाली की दगड जर इंजिनाला धीर देतो, तर तो कुठल्याही इंजिनाला देईल. स्टाथिसच्या गाडीतला दगड या गाडीला लावून पाहू या.

प्रोद्रोमोस हसला. दगड आपापलं इंजिन ओळखतो, तो म्हणाला, नवऱ्याची अदलाबदल होते का, बाई? लोकही हसले. तिला वाटलं, संपलं.

आणि झिसिस खुर्चीतून उठला. खिशातून त्यानं वाइओसची डबी काढली. आसिमीनानं ती रेझिस्टरसकट पुन्हा डांबरानं बंद करून कपाटात ठेवली होती. त्यानं ती कधी उचलली हे तिला माहीत नव्हतं.

"उस्ताद," तो म्हणाला, "हा माझ्या मुलाचा दगड. तो उरलाय, मुलगा नाही. एकदा लावून पाहा. तो चालला तर मी समजेन की माझं हसणं त्यानं माफ केलं."

 आसिमीनानं खाली बसवायला बापाचा हात धरला, पण त्यानं तो सोडवून घेतला. उस्तादानं गर्दीकडे पाहिलं. काळी पट्टी बांधलेल्या बापाला नाही म्हणणं त्यालाही जमण्यासारखं नव्हतं. आपल्या डबीऐवजी त्यानं वाइओसची डबी प्लगात खोचली आणि स्टाथिसला चालवायला सांगितलं.

गाडी खोकली. ठो-ठो करत, काळा धूर सोडत अर्ध्या टेकडीवर अडली, आणि स्टाथिसनं ती मागं आणली.

झिसिस उभ्याचा खाली बसला, खुर्चीवर नव्हे, मातीवर. त्यानं टोपी काढून तोंडावर धरली. दोन बायका त्याच्याकडे धावल्या. उस्ताद हलक्या आवाजात म्हणाला, पाहिलंत, दगड विसरत नाही.

आसिमीनाला नंतर आठवायचं की त्या क्षणी तिला राग आला नव्हता. फार लाज वाटली होती, कुणाची ते कळत नव्हतं. तिनं वाकून वाइओसची डबी प्लगातून काढली. केसांतली पिन ओढून काढली आणि तिची दोन टोकं प्लगाच्या दोन भोकांत खोचली. स्टाथिसला ती म्हणाली, "आता चढव."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पिनेकडे पाहिलं. उस्ताद पुढं यायला लागला तसा कॉफीखान्याच्या मालकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बहुधा नकळतच. गाडी निघाली. शिट्टी ऐकू आली. पांढरी गाडी टेकडी सरळ चढून गेली आणि संत एलियासच्या चर्चला वळसा घालून माथ्यावर थांबली.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

गाडी खाली आल्यावर आसिमीनानं प्लगाच्या वायरीचा माग काढत मागची सीट उचलली. गालिच्याखाली दुसरा कॉम्प्युटर होता, जाड वायरींच्या जुडग्यासह. ज्यांना जवळून बघायचं होतं त्यांना तिनं बॉनेटखाली मोठ्या पिचकाऱ्या दाखवल्या आणि स्टाथिसच्या गाडीतल्या छोट्या, मूळच्या पिचकाऱ्या दाखवल्या. मोठं भाषण तिनं केलं नाही. प्लगाची दोन भोकं जोडली गेली की हा कॉम्प्युटर नीट पेट्रोल देतो, सुटी राहिली किंवा मध्ये रेझिस्टर आला की मुद्दाम चुकीचं देतो, एवढं तिनं सांगितलं. उस्तादाच्या डबीत नुसती जोडणारी तार असणार, म्हणून माझी पिनही चालते. तुमच्या गाड्यांत ना हा कॉम्प्युटर आहे, ना या पिचकाऱ्या. तुमच्या डब्यांत थंडी वाजल्याचं खोटं सोंग आहे. "या गाडीत पेट्रोल कुणीतरी जाणकारानं मोजून दिलंय," ती म्हणाली. "तुम्हाला मात्र सांगितलं की मोजायची गरज नाही."

उस्तादानं हार मानली नाही. कॉम्प्युटर दगडाच्या मदतीला ठेवलाय, म्हणाला. पिनेवर बाईच्या मनातल्या दुःखाची शक्ती होती, असंही म्हणाला, आणि हे ऐकून मागून एक म्हातारी खरंच क्रुसाची खूण करायला लागली. काही जण आसिमीनावरच चिडले. एकानं विचारलं, आता आम्ही आमच्या गाड्यांचं काय करायचं. स्टाथिसनं कुणालाच काही विचारलं नाही. त्यानं स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं, डबी उपटली आणि गाडी तिथंच सोडून पायी घरी गेला.

झिसिस अजून मातीवर बसला होता. आसिमीना त्याच्या शेजारी बसली. गर्दी पांगली.

"म्हणजे मी हसलो म्हणून नाही," तो म्हणाला.

"नाही, बाबा."

"आणि वाइओसनं डबी उघडून पाहिली म्हणून?"

"सील तसंच होतं. त्याला जे सांगितलं ते सगळं त्यानं केलं."

झिसिसनं मान हलवली.  तिला वाटलं आता तो रडेल आणि मोकळा होईल. पण त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा आधीपेक्षाही म्हातारा दिसत होता.

"म्हणजे माझं हसणं बरोबर होतं," तो म्हणाला. "मग मी नुसता हसून का थांबलो? डबी हिसकावून का नाही घेतली?"

खोट्या अपराधाच्या जागी खरी खंत आली होती. आसिमीनाला ती त्याच्यापासून काढून घेता येत नव्हती, आणि खोटं बोलून काढायचीही नव्हती. तिनं फक्त त्याचा हात धरून ठेवला.

पोलीस आले तोवर प्रोद्रोमोस निघून गेला होता. नंतर कुणी म्हणालं, दक्षिणेला कुठल्याशा गावात तो आता सांधेदुखीवर तेल देतो. गावात सहा-सात गाड्यांचे टर्बो उतरवले गेले. दोघा-तिघांनी उतरवले नाहीत. त्यांनी डबी तेवढी काढली आणि समजले की झालं. आसिमीना त्यांच्या घरी पुन्हा पुन्हा गेली. एकानं ऐकलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत डोंगराकडच्या एका खेड्यातला तरुण झिसिसचं घर विचारत आला. त्याच्या गाडीला टर्बो होता, दगड नव्हता, आणि उस्ताद सापडत नव्हता. तुमच्याकडे एक दगड उरलाय असं कळलं, तो म्हणाला, विकता का. घाटातून रोज जावं लागतं.

आसिमीना स्वयंपाकघरातून बाहेर येणार होती, पण झिसिसनं हातानं तिला थांबवलं. आत जाऊन त्यानं कापडात गुंडाळलेला पिस्टन आणला आणि तरुणाच्या तळहातावर ठेवला.

"या भोकात बोट घाल," तो म्हणाला.

तरुणानं घातलं.

"हवा वाढवलीस तर पेट्रोल वाढवावं लागतं. किती, ते मोजावं लागतं, आणि मोजणाऱ्याला आपण काय मोजलं ते सांगता आलं पाहिजे. कुणी म्हणालं की मोजू नकोस, नुसता विश्वास ठेव, तर त्याला विचार की का. उत्तर पटेपर्यंत विचार. तो रागावला तरी विचार, चारचौघांत हसू झालं तरी विचार. हसून सोडून देऊ नकोस. ज्याला तुझा प्रश्न नको असतो, त्याची वस्तू तू तुझ्या गाडीत बसवू नकोस. तुझ्या घरी कोण कोण आहे?"

"आई," तरुण म्हणाला.

"मग टर्बो उतरव. आज घाटानं जाऊ नकोस, खालच्या रस्त्यानं जा. हळू जा."

तरुणानं पिस्टन परत दिला आणि आभार मानून निघाला. पटलं की नाही, ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही. झिसिस फाटकाशी उभा राहिला. फाट्यावर खालचा रस्ता डावीकडे वळतो आणि घाटाचा उजवीकडे. तिथवरचं इथून दिसत नाही, फक्त ऐकू येतं. गाडीचा आवाज फाट्यापाशी मंदावला. हातातला पिस्टन छातीशी धरून झिसिस कान देऊन उभा होता, आणि आसिमीनाही दारात तशीच उभी होती, आवाज कुठल्या बाजूला जातोय ते कळेपर्यंत.